फ्लाइट सिम्युलेटरसाठी परवडणारी हार्ड डिस्क: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिन्यांपूर्वी मी सिम्युलेटरच्या कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क बसवल्या. एक १ टीबीची साधी साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली, साटा केबलने जोडायची डिस्क) आणि दुसरी ४ टीबीची, ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्यांची) फिरती हार्ड डिस्क. त्याआधी विंडोज, एक्स-प्लेन हा सिम्युलेटर, विमानं, विमानतळ, फोटो सीनरी (जमिनीचे हवाई फोटो) असं सगळं एकाच जुन्या ५४०० आरपीएमच्या डिस्कवर कोंबलेलं होतं. कोणालाही विचारलं तरी एकच सल्ला मिळत होता: सगळं एसएसडीवर टाक. पण चार-पाच टीबी एसएसडीवर घेणं मला परवडणार नव्हतं. आता नऊ महिन्यांनी सांगते, त्याची गरजही नव्हती. फक्त कोणती फाइल कुठे ठेवायची हे नीट कळायला हवं, आणि ते कळायला मला बराच वेळ लागला.

माझा नेहमीचा मार्ग ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गहून इन्सब्रुक. सेस्ना १७२ हे छोटं विमान घेऊन इन नदीच्या खोऱ्यातून जायचं. जुन्या डिस्कवर असताना कुफश्टाइन गाव मागे पडलं की थोड्याच वेळात चित्र गोठायचं. दोन सेकंद, कधी तीन. दोन्ही बाजूंना डोंगर असताना तीन सेकंद फार असतात. दोन महिने मी ग्राफिक्स कार्डाला दोष देत राहिले. सावल्या कमी केल्या, ढग कमी केले, काही उपयोग झाला नाही. मग एकदा अडखळण्याच्या जागा नकाशावर टिपून ठेवायला सुरुवात केली. पाच उड्डाणांनंतर बघते तर सगळ्या खुणा १२ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास.

एक्स-प्लेनमधली जमीन एक अंश बाय एक अंश अशा चौकोनांत विभागलेली असते. विमान पुढे सरकतं तसे पुढचे चौकोन डिस्कवरून वाचले जातात आणि मागचे सोडून दिले जातात. ही जमवाजमव विमान पोचण्याआधीच सुरू होते, त्यामुळे झटका अगदी रेघेवरच बसेल असं नाही, पण रेघेशी त्याचं नातं असतंच. त्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण ४० नॉटिकल मैलांचा भरतो. १२० नॉटच्या, म्हणजे तासाला १२० नॉटिकल मैलांच्या वेगाने वीस मिनिटं. म्हणजे दर वीस मिनिटांनी डिस्कची परीक्षा, आणि माझी डिस्क दर वेळी नापास होत होती.

खरेदीआधी मी कागदावर थोडा हिशोब केला. सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

फिरत्या डिस्कचा वेळ दोन गोष्टींत जातो. आधी हेड योग्य ट्रॅकवर न्यायचं आणि मग तबकडी फिरून हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत थांबायचं. ७२०० आरपीएमला एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, म्हणजे सरासरी थांबणं ४.२. ५४०० आरपीएमला तेच ५.६. हेड हलवण्याचे आठ-दहा मिलिसेकंद धरले तर ७२०० च्या डिस्कवर एक फाइल गाठायलाच बारा-चौदा मिलिसेकंद जातात. फाइल केवढीही असो. एसएसडीला हेच काम सुमारे ०.१ मिलिसेकंदात जमतं.

आता सिम्युलेटरच्या फाइली बघा. विमानतळांच्या सीनरी आणि त्यांना लागणाऱ्या लायब्ररी (सामाईक वस्तूंचे संच) यांत हजारो बारीकसारीक फाइली असतात: खांब, कुंपणं, गाड्या, दिवे. अशा वीस हजार फाइली विखुरलेल्या असल्या तर त्या नुसत्या शोधण्यातच चार मिनिटं जातील. फोटो सीनरीचं गणित उलटं आहे. ऑर्थोफोरएक्सपी या सॉफ्टवेअरने बनवलेला जमिनीचा एकेक तुकडा ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचा, डिस्कवर सुमारे ११ एमबीचा. साधी हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला दीडशे-पावणेदोनशे एमबी सहज देते. म्हणजे तो तुकडा वाचायला साठ-सत्तर मिलिसेकंद आणि शोधायला बारा. शोधण्याचा खर्च इथे किरकोळ ठरतो.

म्हणून सिम्युलेटर, विमानं, विमानतळ आणि लायब्ररी एसएसडीवर, जमिनीचे फोटो फिरत्या डिस्कवर. मोठी जागा नेमकी फोटोंनाच लागते. आल्प्सच्या अक्षांशावर झूम लेव्हल (फोटोतल्या बारकाव्याची पायरी) १७ ला एका अंशाच्या चौकोनात जवळजवळ आठशे तुकडे बसतात, म्हणजे आठ-नऊ जीबी. झूम एका पायरीने वाढवला की जागा चौपट होते. १८ ला तोच चौकोन तीस जीबीच्या पुढे जातो. हौसेने एखादा अख्खा देश १८ ला बनवायला घेण्याआधी हा गुणाकार करून बघा. मी आता सगळीकडे १६ ठेवते, आवडत्या खोऱ्यांना १७, आणि १८ फक्त विमानतळांभोवती.

हिशोब बरोबर असूनही माझी पहिली खरेदी चुकली. स्वस्त दिसली म्हणून ४ टीबीची एक हार्ड डिस्क आणली, कंपनीचं नाव सांगत नाही. पहिले दोन-तीन चौकोन झटपट बनले. मग लिहिण्याचा वेग घसरत घसरत सेकंदाला दहा-पंधरा एमबीवर आला आणि रात्रभर चालवलेलं काम सकाळी अर्धंच झालेलं होतं. ती डिस्क एसएमआर पद्धतीची निघाली. यात ट्रॅक कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर आजूबाजूची हलवावी लागतात, तसं एक ट्रॅक बदलायला पुढचा पट्टाच्या पट्टा नव्याने लिहावा लागतो. थोडं लिखाण असेल तर डिस्क ते राखीव भागात सांभाळून घेते. शेकडो जीबी एकदम ओतले की तिचा दम संपतो. वाचायला ती ठीक असते, पण सीनरी बनवणारा माणूस लिहितोही भरपूर. साध्या पद्धतीला सीएमआर म्हणतात. बॉक्सवर हे बहुधा लिहिलेलं नसतं. २०२० मध्ये यावरून बराच गदारोळ झाला आणि त्यानंतर कंपन्यांनी कोणतं मॉडेल कोणत्या पद्धतीचं याच्या याद्या जाहीर केल्या. घेण्याआधी नेमका मॉडेल नंबर तिथे तपासा. नुसत्या मालिकेच्या नावावर जाऊ नका, एकाच मालिकेत दोन्ही सापडतात. माझी ती डिस्क आता बॅकअपला आहे आणि तिथे तिच्याबद्दल काही तक्रार नाही.

एसएसडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. साटाची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, एनव्हीएमई (बहुधा मदरबोर्डच्या एम.२ खाचेत बसणारी वेगवान एसएसडी) ३५०० किंवा त्याहूनही जास्त. आकडे मोठे आहेत, पण सिम्युलेटर सुरू होताना वाचलेलं सगळं उलगडून मांडण्याचं काम प्रोसेसरलाही करावं लागतं आणि तिथे तो अडतो. मित्राच्या मशीनवर दोन्ही लावून बघितल्या. त्याच विमानतळावर फरक काही सेकंदांचा पडला. किंमत सारखी असेल तर अर्थात एनव्हीएमईच घ्या. फक्त मदरबोर्डचं माहितीपत्रक आधी वाचा, बऱ्याच बोर्डांवर एम.२ ची जागा भरली की साटाचा एखादा पोर्ट बंद पडतो. क्यूएलसी प्रकारच्या (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) अगदी स्वस्त एसएसडी मी टाळल्या. त्यांची लिहिण्याची कॅशे (लिखाण तात्पुरतं झेलणारा वेगवान भाग) संपली की मोठ्या कॉपीत त्या हार्ड डिस्कपेक्षाही हळू होऊ शकतात. आणखी एक, १ टीबी म्हणजे विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसतात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची २०२० ची आवृत्तीच १५० जीबी मागते, त्यामुळे दोन सिम्युलेटर ठेवायचे असतील तर ५०० जीबीच्या वाटेला जाऊ नका.

मांडणी सोपी आहे. एक्स-प्लेनच्या कस्टम सीनरी फोल्डरमध्ये फोटोंच्या फोल्डरचे नुसते शॉर्टकट ठेवले तरी चालतात, खरे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर राहू द्या. फक्त सीनरीच्या क्रमाच्या फाइलमध्ये फोटो विमानतळांच्या खाली आहेत ना ते बघा, नाहीतर फोटो धावपट्टीवर पांघरले जातात.

या मांडणीवर उड्डाणाच्या तयारीला साडेचार मिनिटांऐवजी दीड मिनिट लागायला लागलं. फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) मात्र एका आकड्यानेही वाढला नाही. तो वाढेल म्हणून कोणी डिस्क घेत असेल तर पैसे प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डासाठी राखून ठेवा.

दुसऱ्या महिन्यात मात्र एका गोष्टीने माझी झोप उडवली. कुफश्टाइनपुढचा झटका परत आला, आणि या वेळी सात-आठ सेकंदांचा. वाटलं, नवी डिस्क गेली. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते आकडे तपासले, सगळे स्वच्छ. शेवटी कॉम्प्युटरच्या पेटीला कान लावून बसले तेव्हा कळलं. झटक्याच्या क्षणी डिस्क नव्याने फिरायला लागल्याचा चढता आवाज येत होता. वीस मिनिटं काम नसेल तर हार्ड डिस्क थांबवायची, अशी विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मूळची सोय असते. माझ्या एका अंशाचा प्रवासही वीस मिनिटांचाच! चौकोन वाचून झाला की डिस्क निजायची आणि पुढच्या चौकोनाची गरज पडली की तबकडी शून्यापासून वेग घेईपर्यंत सगळं थांबून राहायचं. ती वेळ शून्य केली, म्हणजे कधीच थांबवू नको असं सांगितलं, आणि त्या दिवसापासून झटका आलेला नाही. फिरती डिस्क घेणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच दिवशी करावं.

तक्रारी आहेत. ७२०० ची डिस्क गुणगुणते आणि रात्रीच्या शांततेत ते ऐकू येतं. पेटीचा पत्राही थरथरायचा, रबरी वॉशर लावल्यावर थांबला. अतिवेगाने खाली उतरताना कधीकधी जमिनीचा फोटो धूसर येतो आणि क्षणभराने स्पष्ट होतो. ते मला खटकतं, पण वर्षानुवर्षं खटकेल इतकं नाही. जेट उडवणाऱ्यांना जास्त जाणवेल, ४८० नॉटला तोच अंश पाच मिनिटांत संपतो.

वापरलेली डिस्क घ्यायचा विचारही केला होता. घेणार असाल तर किती तास चालली आहे यापेक्षा बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरचे (डिस्कवरच्या खराब आणि संशयित भागांचे) आकडे आधी बघा. ते शून्य नसतील तर सोडून द्या. माझ्या डिस्कचे दोन्ही आकडे आजही शून्य आहेत. विंडोजला दिसणाऱ्या ३.६३ टीबीपैकी २.९ भरलेत. उरलेल्या जागेत पुढच्या महिन्यात नॉर्वेचा किनारा बनवायला घेणार आहे, झूम १६ ला.