गावभागातला जुना फ्लॅट की शामरावनगरचा दीड गुंठा?

पंचवीस लाखांच्या आत सांगलीत घर घ्यायचं तर कुठं, असं माझा मावसभाऊ विचारतोय. तो कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला, वहिनी मारुती चौकाजवळच्या दुकानात हिशेब लिहिते, दोन मुलं शाळेत. त्यानं दोन जागा हेरून ठेवल्यात. गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीत, दुसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट आणि शामरावनगरात दीड गुंठ्यावरचं बैठं घर. दोन्ही आम्ही मिळून बघितली.

गावभागातला फ्लॅट त्याच्या आवाक्यात आला तो महापुरामुळं. त्या इमारतीच्या जिन्यात ऑइलपेंटनं तीन रेघा ओढल्यात: खाली २००५, वर २०२१, सगळ्यात वर २०१९. शेवटची माझ्या डोक्याच्याही वर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोका पातळी ४५ फूट. दुसरा मजला कोरडा राहिला, पण वीज आणि नळ बंद. म्हणजे पुलाची पातळी ४० फुटांच्या पुढं सरकू लागली की गाडी विश्रामबागला लावायची आणि आठवड्याचं सामान वर चढवायचं, हे इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलंय.

ज्यांना जमलं ते पुरानंतर विश्रामबागकडं गेले, बऱ्याच घरांतली पोरं पुण्यात. वाड्यांत मागं राहिले म्हातारे आईवडील आणि जत-आटपाडीकडून पेठेत कामाला आलेली बिऱ्हाडं. "गावभाग पूर्वीचा राहिला नाही" असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. त्या बोळात संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात ती याच बिऱ्हाडांची, आणि शेजारच्या आजींचं औषध आणून देणारी मुलगीही त्यांच्यातलीच. एक मात्र नीट बघा. वाडा पाडून बांधलेली इमारत असेल, तर जुन्या भाडेकरूंचा हक्क मिटलाय का, ते वकिलाकडून तपासून घ्या.

शामरावनगरची गोष्ट वेगळी. तिथं नदीला पूर यायची वाट बघावी लागत नाही. सखल भाग, काळी माती, पाण्याला वाट नाही. चांगला पाऊस झाला की तळं. आम्ही गेलो तेव्हा एक बाई डांबरी रस्त्याच्या कडेला स्कूटी लावून, चपला हातात, पोरगं कडेवर घेऊन चिखलातून घराकडं निघाली होती. तरी या वस्तीबद्दल मला आदर आहे. रिक्षावाले, गवंडी, हमाल यांनी शहरात कुणी जागा देईना तेव्हा पै-पै साठवून इथं स्वतःचं घर उभं केलं.

खरी अडचण कागदाची. शेतजमीन एनए, म्हणजे बिगरशेती, न करता तुकड्यांनी विकलेली, सातबाऱ्यावर नावांची रांग. अशा तुकड्यांवरची घरं नियमित करणाऱ्या २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ साली वाढवली, त्यामुळं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित होऊ शकतात. पण होऊ शकतात आणि झालीत यात फरक आहे. महापालिकेचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र नसेल तर बँक कर्जाला सहसा हात लावत नाही. मोकळा प्लॉट घेऊन बांधणाऱ्याला पंतप्रधान आवास योजनेतून अडीच लाख मिळतात, उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आत हवं; पण तिथंही आधी मालकीचा कागद लागतो. घरपट्टीची पावती दाखवून "सगळं क्लिअर आहे" म्हणणाऱ्या एजंटाचं ऐकू नका. घरपट्टी भरली म्हणजे घर नियमित झालं असं नाही.

भावाला स्वतःची जमीन हवी, ही त्याची जुनी हौस. आम्ही बघितलेल्या घराला प्रमाणपत्र असतं तर मी आडवा आलो नसतो, उंच जोतं घालता येतं. ते नाही, म्हणून मी फ्लॅट घे म्हणतो. पुराचा त्रास काही वर्षांनी येतो आणि त्याची आगाऊ सूचना मिळते. तरी टोकन द्यायच्या आधी भर पावसात एकदा शामरावनगरात चालत जाऊन ये, एवढं त्याला सांगितलंय. वहिनीचं ठरल्यात जमा आहे. गावभागातून दुकान चालत दहा मिनिटांवर.