पांढरेशुभ्र बोन फोल्डर घेताय? माझे २,२०० कसे गेले ते आधी वाचा

वह्या बांधणाऱ्यांसाठी लिहितेय, बाकीच्यांना बोअर होईल कदाचित. मी घरी हाताने शिवलेल्या वह्या करते. कागदाला कडक घडी पाडायला आणि खळ लावल्यावर कव्हर दाबून बसवायला बोन फोल्डर लागतो, म्हणजे हाडाची चपटी गुळगुळीत पट्टी. प्लास्टिकवाला वाकतो म्हणून इन्स्टावर एकाकडून 'प्युअर कॅमल बोन' असा तीनचा सेट मागवला, २,२०० रुपये, तेही आधी पेमेंट. व्हिडिओत दुधासारखे पांढरे दिसत होते आणि मी त्या पांढऱ्यालाच भुलले.

पहिलं पार्सल आलं तर तिन्ही अगदी जुळे, आणि कडेला साच्याची बारीक रेघ. हाड असेल तर भिंगातून बारीक ठिपके किंवा रेघा दिसतात, हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या वाटा असतात त्या. इथे काहीच नाही, कोरी पाटी. मग सुई लाल करून टोकाजवळ लावली तर लोण्यात घुसावी तशी घुसली आणि प्लास्टिक जळाल्याचा वास. खरं हाड वितळत नाही, केस जळाल्यासारखा घाण वास येतो. आठ दिवस "मॅडम वो पॉलिश जल रहा है" ऐकून घेतलं, शेवटी सगळ्यांना सांगेन म्हटल्यावर त्याने दुसरा सेट पाठवला, तो भिंगात आणि सुईत दोन्हीकडे पास झाला, आणि मी येड्यासारखे त्याला पाच स्टार देऊन मोकळी.

खरी फसले ती इथे.

लग्नाची ३० वह्यांची ऑर्डर होती, शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद कव्हरला घेतलेला, एप्रिलचं ऊन, आणि दोन दिवसांनी बघते तर कव्हरवर भज्यांच्या कागदासारखे तेलकट डाग! ११ कव्हरं फुकट गेली. वर बोटांना खडूसारखी पावडर लागायला लागली आणि एका फोल्डरच्या धारेचा टवकाच उडाला. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका जुन्या बाइंडरकाकांना दाखवलं, त्यांनी नखाने खरवडलं आणि म्हणाले, "हे नुसतं शिजवलंय गं, साफ कुठे केलंय?"

तर प्रकार असा असतो. वेळ वाचवायला हाड खळखळा उकळतात, त्याने आतली चरबी बाहेर यायच्या ऐवजी हाडातच मुरते आणि हाडाला धरून ठेवणारं कोलॅजन पण विरघळतं. मग रंग पिवळट दिसू नये म्हणून कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवतात. क्लोरीन उरलंसुरलं कोलॅजन खातं, हाड वरून पांढरंशुभ्र आणि आतून भुसभुशीत. चरबी तशीच. उन्हाळ्यात किंवा घासून गरम झालं की ती बाहेर येते आणि थेट तुमच्या कागदात.

नीट करायला महिना जातो, म्हणून कोणी करत नाही. मी शेवटी म्हशीच्या नडगीचं हाड आणलं (खाटीकदादा विचारतात, "ताई, सूप का?"), मांस खरवडून काढलं, नळीतला मगज काढला, आणि आधीच हॅकसॉने उभ्या पट्ट्या कापून घेतल्या कारण पातळ पट्टीतून चरबी लवकर निघते. मग पातेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात भांड्यांचं लिक्विड घालून पट्ट्या ठेवायच्या, पाणी गढूळ झालं की बदलायचं. मला २४ दिवस लागले. पाण्यावर तवंग यायचा थांबला की मग ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक दिवस, धुवायचं, सावलीत वाळवायचं. कानस आणि पॉलिश पेपर मारताना पेपर ओला ठेवा आणि मास्क घाला, ती धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही.

विकतच घ्यायचा असेल तर सुईबरोबर अजून एक करा, पांढऱ्या टिश्यूत गुंडाळून दोन दिवस उन्हात ठेवा, डाग पडला तर परत करा. आणि पाच स्टार द्यायची घाई करू नका, मी दिल्यावर त्याने मेसेज बघणंच बंद केलं. उंटाचं की म्हशीचं हे बघून मला आजही सांगता येणार नाही, पण 'कॅमल' शब्दाचे जास्तीचे पैसे मात्र मी मोजले.

माझा फोल्डर जरा पिवळसर झालाय, साईच्या रंगाचा. काम मस्त करतो. आईने ते पातेलं अजून गॅलरीतून घरात घेऊ दिलेलं नाही.