हरिहर ट्रेकवाल्यांचा रिव्ह्यू: सुट्टीवर आलेल्या फौजी पोरांना घेऊन जाणार असाल तर वाचाच

आर्टिलरीतून (तोफखाना) हवालदार म्हणून रिटायर झालो, घर देवळाली कॅम्पात, त्यामुळे सुट्टीवर आलेल्या पोरांचा आमच्याकडं कायम राबता असतो. सप्टेंबर संपता संपता या ट्रेक ग्रुपबरोबर हरिहर गड केला. आमच्या युनिटमधले जुने दोस्त, त्यांच्या घरच्या बायका, कॉलेजातल्या मुली आणि सुट्टीवरची सर्व्हिंग पोरं, माझा भाचा पण त्यातच. बाकीच्या रिव्ह्यूंमध्ये सगळ्यांनी व्ह्यूचं आणि पोह्यांचं लिहिलंय, ते बरोबर आहे, व्ह्यू जबरदस्त आहे आणि पोहे ठीकठाक. मला सेफ्टीबद्दल लिहायचंय.

कारण सांगतो. फौजेत माणूस ड्यूटीवर असतो तेव्हा त्याला सांभाळायला अख्खी यंत्रणा असते. फायरिंग रेंजवर लाल झेंडा लागल्याशिवाय काही सुरू होत नाही, सेफ्टी ऑफिसर उभा असतो, तोफेवर नंबर वन, म्हणजे त्या तोफेचा कमांडर, असतो आणि त्याच्या शब्दाबाहेर कुणी हात हलवत नाही. तोच पोरगा सुट्टीवर आला की ना ब्रीफिंग ना हाजिरी, कुणी विचारायला नाही की बाबा झोपलास किती, जेवलास का, बाईक कुणाची घेतलीस. वर्षाला ६० दिवस ॲन्युअल लीव्ह आणि ३० दिवस कॅज्युअल, त्यात लग्नं, शेती, घराचं काम, आणि उरलेल्या दिवसांत मित्रांबरोबर धबधबा नाहीतर गड. आणि अंगात रग असतेच, मी फौजी आहे मला काय होतंय. सगळ्यात जास्त भीती मला याचीच वाटते, कारण ट्रेनिंग झालेलं असतं ते खरंच असतं, पण ते टीममध्ये आणि कुणाच्या तरी कमांडखाली झालेलं असतं.

तर या लोकांचं पहिलं काम मला आवडलं ते म्हणजे आदल्या दिवशीचा फोन. ट्रेक लीडर एक ताई आहेत, तिशीच्या असतील, त्यांनी प्रत्येकाला वेगळा फोन केला, ग्रुपवर एक मेसेज टाकून मोकळ्या झाल्या नाहीत. बीपी, शुगर, गुडघा, दमा, कुठली गोळी चालू आहे, उंचीची भीती आहे का, हे तर विचारलंच, पण भाच्याला विचारलं की घरी येऊन किती दिवस झाले. तो म्हणाला परवाच आलो, लेहला पोस्टिंग आहे, दिल्लीपासून रेल्वेनं. लगेच पुढचा प्रश्न, गाडीत झोप झाली का. रिझर्व्हेशन नव्हतं, दारापाशी बसून आलाय, कसली झोप.

त्यांनी त्याला जे सांगितलं ते मी स्पीकरवर ऐकत होतो. उंचावर राहून तुझा दमसास भारी झाला असेल, तुला वाटेल मी पळत चढेन आणि चढशील पण, पण शरीराची उकाड्याची सवय दोन-तीन आठवडे थंडीत राहिलं तरी बरीचशी जाते, घाम नीट यायला वेळ लागतो, आणि आपल्याकडं पाऊस उघडला की ऊन आणि दमट हवा दोन्ही असते. त्यामुळे पुढं पळायचं नाही, शेवटच्या माणसाबरोबर मागं चालायचं, ओआरएसची दोन पाकिटं खिशात ठेवायची, आणि आज रात्री नऊला झोपायचं. पोरगा नऊला झोपला, हे त्याच्या आईला अजून खरं वाटत नाही.

सकाळी निरगुडपाड्याला पोचलो (त्र्यंबकच्या पुढं, नाशिकहून दीड तास धरा, हर्षेवाडीकडूनही वाट आहे पण हे लोक इकडून नेतात). तिथं उतरल्यावर रांगेत उभं करून ब्रीफिंग, आणि ब्रीफिंगच्या आधी ताई प्रत्येकासमोर जाऊन दोन वाक्यं बोलल्या, मला वाटलं ओळख करून घेतायत. नंतर कळलं वास बघत होत्या. पोरांपैकी एकाची आदल्या रात्री मित्राच्या हळदीला जोरात पार्टी झाली होती, डोळे लाल, हात किंचित थरथरत होते. त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, दादा तुम्ही आज वर येत नाही, तुमचे पूर्ण पैसे परत देते, गावात आमचा माणूस आहे त्याच्याकडं आराम करा. तो जाम भडकला, मी कमांडो कोर्स केलाय, हे काय सांगताय मला. ताईंनी आवाज चढवला नाही, वाद पण घातला नाही, म्हणाल्या कोर्सला पिऊन सोडलं असतं का तुम्हाला? तो गप्प झाला आणि खाली थांबला. पैसे त्याच जागी फोनवर परत आले.

हे सगळ्यांसमोर सांगायला हिंमत लागते. ग्राहकाला नाराज करायचं, पैसे परत द्यायचे, वरून तो स्टार कापणार, म्हणून बहुतेक आयोजक डोळेझाक करतात. मागे एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) बोटीत बसताना मी लाइफ जॅकेटची तुटलेली बकल दाखवली तर मला उत्तर मिळालं, काका फौजी असून घाबरता? तिथून मी घरच्यांना घेऊन परत फिरलो.

आता मुख्य पायऱ्यांचं. ज्यांनी हरिहर बघितला नाही त्यांच्यासाठी, कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, जवळपास उभ्या, ८० अंशाच्या म्हणतात, आणि पायरीच्या दोन्ही कडांना बोटं अडकवायला खोबण्या आहेत. चढायला माणूस घाबरत नाही कारण तोंड दगडाकडं असतं. उतरताना खरी परीक्षा, आणि बरेच लोक तिथं तोंड बाहेर करून, बसत बसत, घसरत येतात. ताईंचा नियम एकच, शिडी उतरतो तसं उतरायचं, तोंड दगडाकडं, दोन हात दोन पाय यातलं एका वेळी एकच हलणार. पाण्याची बाटली सॅकच्या बाहेरच्या खिशात चालणार नाही, आत टाका, कारण वरून सुटलेली एक लिटरची बाटली खालच्याच्या डोक्यावर येते. सेल्फी स्टिक बसमध्येच जमा केल्या. सेंट अत्तर लावून यायचं नाही, वर विडी सिगरेट पेटवायची नाही, कड्याला मधमाश्यांची पोळी असू शकतात, हे पण सांगितलं.

हेल्मेट सगळ्यांना दिली, आणि नुसती वाटली नाहीत, प्रत्येकाच्या हनुवटीखाली पट्ट्यात स्वतः दोन बोटं घालून बघितलं, दोनच बसली पाहिजेत, तिसरं बसलं तर पट्टा परत ओढायचा. माझ्या मित्राच्या बायकोचा अंबाडा होता, त्यावर हेल्मेट टोपीसारखं वर बसत होतं, तिला वेणी घालायला लावली आणि मग परत घातलं. एक पोरगा म्हणाला मी बाईकचंच आणलंय, आयएसआयचं आहे. ते पण समजावलं, रस्त्यावरच्या पडण्यासाठी ते चांगलं, पण इथं जड होतं, कान झाकतात, वरून कुणी ओरडलं तर ऐकू येत नाही आणि मान वर करून बघायला अडचण होते, गिर्यारोहणाचं वेगळं हलकं असतं, वरून येणाऱ्या दगडासाठीचं.

पायऱ्यांच्या तळाशी गर्दी होती, रविवार, दोन-तीन ग्रुप अडकलेले. बाकीचे लोक बरोबर पायऱ्यांच्या खालीच रांग लावून उभे, म्हणजे वरून काही सुटलं तर सरळ अंगावर. आमच्या ताईंनी सगळ्यांना बाजूला कड्याच्या आडोशाला बसवलं, वरचे मोकळे झाल्यावर एकेकाला, मध्ये अंतर ठेवून सोडलं. वेळ गेला, लोक कुरकुरले, मला बरं वाटलं.

अजून एक गोष्ट, ती ऐकून मी मनातल्या मनात सॅल्यूट केला. ब्रीफिंगमध्ये त्या म्हणाल्या की पायऱ्यांवर "थांब" हा शब्द कुणीही ओरडू शकतो, लहान मोठा काही नाही, आणि तो ऐकला की सगळ्यांनी आहे तिथं थांबायचं, कारण नंतर विचारायचं. आमच्याकडं गन पोझिशनवर, म्हणजे तोफा लावतात तिथं, अगदी असंच असतं. फायरची ऑर्डर ठराविक माणूसच देतो पण धोका दिसला तर स्टॉप कुणीही म्हणू शकतो, काल भरती झालेला पोरगा पण, आणि तोफ थांबते. उतरताना हे वापरलं गेलं. दुसऱ्या ग्रुपमधला एक जण फोन हातात धरून तोंड बाहेर करून वरून यायला लागला, थेट आमच्या मुलींच्या डोक्यावर. आमच्या हिनं, जी घरात मोठ्यानं बोलत नाही, तिनं असं काय "थांब" ओरडलं की आमचे तर थांबलेच, तो परका माणूस पण जागच्या जागी थिजला. ताईंचा मदतनीस वर गेला, त्याचा फोन खिशात टाकायला लावला, तोंड फिरवून त्याला पायरी पायरी सांगत खाली आणला. आमचा गिऱ्हाईक नव्हता तो.

आता जिथं आमच्या पोरांचं आणि त्यांचं वाजलं ते. वर मारुतीचं देऊळ आणि तळं आहे, त्याच्या पुढं शेवटचा छोटा कातळ चढून सगळ्यात उंच जागा. ताईंनी आधीच सांगितलं होतं की साडेअकराला जिथं असू तिथून मागं, कारण परतीच्या पावसाचे दिवस, दुपारनंतर ढग चढतात, विजा होतात, आणि ओल्या पायऱ्यांवर एवढ्या लोकांना उतरवायचं नाही. गर्दीत वेळ गेल्यामुळे साडेअकरा तळ्यापाशीच वाजले. पोरं म्हणाली पाच मिनिटांचं काम आहे, तो काय समोर दिसतोय. मग माझ्याकडं बघायला लागली, की साहेब तुम्ही बोला. मी म्हणलं कमांड त्यांची आहे. ताईंनी माझ्याकडं बघितलं पण नाही, सरळ सॅक उचलली. तेच बरोबर होतं, वयानं मोठा आहे म्हणून मला विचारत बसल्या असत्या तर निर्णय कुणाचा हेच कळलं नसतं.

त्या दिवशी पाऊस आलाच नाही, संध्याकाळपर्यंत कोरडं आभाळ. पोरं बसमध्ये तेच म्हणत होती, बघा उगाच फिरवलं. त्यांना म्हणलं निर्णय सकाळी आहे त्या माहितीवर घेतला होता आणि त्या माहितीवर तो बरोबर होता, पाऊस आला की नाही यावरून तो चूक-बरोबर ठरत नाही. रेंजवर हवा बिघडल्यावर फायरिंग थांबवतात आणि अर्ध्या तासात उघडतं, तेव्हा कुणी म्हणतं का सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांनी घाबरून थांबवलं?

अमेरिकेच्या नौदलात याचा वेगळा कार्यक्रमच आहे, रिक्रिएशन अँड ऑफ ड्यूटी सेफ्टी, म्हणजे सुट्टीतले खेळ, पोहणं, बाईक, डोंगर यासाठी. पद्धत तीच जी कामावर वापरतात: धोका ओळखा, तो किती मोठा ते तोला, उपाय ठरवून निर्णय घ्या, उपाय अमलात आणा, मग लक्ष ठेवा. त्यांच्या आर्मीत लांबच्या सुट्टीला स्वतःच्या गाडीनं निघायच्या आधी सैनिक ऑनलाइन प्रवासाचा फॉर्म भरायचा, किती तास चालवणार, किती झोपणार, आणि वरचा अधिकारी तो बघायचा. मोटरसायकल चालवणाऱ्याला ट्रेनिंग कोर्स सक्तीचा. कारण ड्यूटीबाहेर अपघातात त्यांची माणसं सगळ्यात जास्त जातात ती रस्त्यावर. आपल्याकडं पण वेगळं काय असणार, हरिहरच्या पायऱ्यांना सगळे घाबरतात आणि संध्याकाळी दमलेल्या अंगानं त्र्यंबक रोडला बाईक पळवायला कुणी घाबरत नाही.

या लोकांनी तेवढ्याचसाठी बस ठेवलीये, बाईकनं येणाऱ्याला आधीच सांगतात की बसनंच या, पैसे तेवढेच. तरी दोघं बाईकवर आले होते. त्यांना उतरल्यावर जेवण, मग अर्धा-पाऊण तास आडवं व्हायला लावलं, आणि मगच चावी दिली, चाव्या सकाळीच घेऊन ठेवल्या होत्या! पोचल्याचा मेसेज आल्यावरच फोनवरचा ग्रुप बंद केला.

आता तक्रारी. हेल्थ फॉर्म पूर्ण इंग्रजीत आहे, आमच्यातल्या बायकांनी न वाचता सह्या केल्या, मग फॉर्मचा उपयोग काय, मराठीत करा. फर्स्ट एड किट चांगलं होतं, १०८ आणि डोंगरातल्या रेस्क्यू टीमचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये टाकायला लावला, पण स्ट्रेचर खाली बसमध्येच राहिलं, ते निदान पायऱ्यांच्या तळापर्यंत तरी वर न्या, वाटेत मोबाईलची रेंज कुठं येते कुठं जाते. जेवणात भाकरी गार, पिठलं बरं. आणि बस. दोन बसपैकी एकीत मागच्या सीटना बेल्टच नव्हते. डोंगरावर दोन बोटं घालून पट्टा बघणाऱ्यांनी स्वतःच्या भाड्याच्या बसला असं सोडू नये, ताईंना तिथंच सांगितलं, त्यांनी वाद न घालता लिहून घेतलं.

बुक करताना एक बघा, कुणाकडंही जा, २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे आयोजकाची पर्यटन विभागाकडं नोंदणी लागते, ती दाखवायला सांगा. यांनी मागितल्याबरोबर दाखवली. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, पायऱ्यांवर गर्दी फार. माणशी हजाराच्या आत पडलं, पार्किंग वेगळं. पाच पैकी चार स्टार, एक बसच्या बेल्टसाठी कापलाय, बेल्ट बसवल्याचं कळलं की पाचवा टाकतो.