बेळगावच्या टिळकवाडीतलं हार्मोन क्लिनिक : एमआरआयच्या आधी गोळ्यांची चौकशी

चार तारे. पाचवा का नाही, ते शेवटी सांगते.

माझ्या धाकट्या जावेला खानापूरहून इथं आणलं. तिची पाळी बिघडली होती आणि मूल मोठं झालं तरी छातीतून दुधासारखं पाणी येत होतं. रक्तात प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, ८६ निघालं. गरोदर नसलेल्या, अंगावर पाजत नसलेल्या बाईत ते मिलिलिटरमागे साधारण २५ नॅनोग्रॅमच्या आत असतं. आधी एका ठिकाणी आकडा बघूनच मेंदूचा एमआरआय लिहून दिला होता. गाठ असेल या धास्तीनं घरात कुणाला जेवण जाईना.

इथल्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "अक्का, गोळ्या कुठल्या कुठल्या चालू आहेत? अ‍ॅसिडिटीची असली तरी सांगा." जावेनं पर्समधली पट्टी काढली. पोट फुगतं म्हणून मेडिकलमधून परस्पर घेतलेली, महिनोन्‌महिने चालू. त्यात डॉम्पेरिडोन होतं.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, त्यामुळं पोटाच्या गोळीचा दुधाशी काय संबंध, हे विचारलंच. बाहेर रांग असूनही त्यांनी कागदावर आकृती काढून सांगितलं. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वाटाण्याएवढी. तिच्यातल्या प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशी कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. त्यांच्या पडद्यावरचा विद्युतदाब आपोआप चढतो, म्हणजे विजेचा ठोका पडतो, आणि तो लगेच न उतरता थोडा वेळ वरच रेंगाळतो. तेवढ्यात कॅल्शियम आत शिरतं आणि हार्मोन भरलेल्या पुटिका, म्हणजे बारीक पिशव्या, पेशीबाहेर रिकाम्या होतात. शेजारीच एलएच आणि एफएसएच ही पाळी चालवणारी हार्मोन्स बनवणाऱ्या पेशी असतात. त्याही आपोआप ठोके देतात, पण इतके आखूड की पुरेसं कॅल्शियम जमत नाही. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाकडून जीएनआरएच हे हुकूम देणारं हार्मोन आलं की मग पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं. म्हणजे ठोका दोघींतही आहे, पण तो किती लांबतो त्यावर सगळं अवलंबून! हे ऐकून मी इतकी हरखले की घरी येऊन आणखी वाचलं. योशिआकी किडोकोरो या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच उंदराच्या पीयूषिकेतल्या गाठीपासून वाढवलेल्या पेशींत असे कॅल्शियमचे ठोके नोंदवले होते.

प्रोलॅक्टिनच्या पेशींना आवर घालतं ते मेंदूतून येणारं डोपामिन हे रसायन. ते पेशीवरच्या डी-२ ग्राहकावर, म्हणजे त्याच्यासाठीच्या जागेवर, बसलं की पोटॅशियमला बाहेर जायला वाट मिळते, पेशीच्या आतला ऋणभार वाढतो आणि ठोके थांबतात. डॉम्पेरिडोन नेमकी तीच जागा अडवतं. मेंदूत ते फारसं पोचत नाही, पण पीयूषिका मेंदूच्या संरक्षक अडसराबाहेर आहे, तिथं ते सहज पोचतं. मग प्रोलॅक्टिन वाढतं, ते जीएनआरएचला दाबतं, आणि पाळी बिघडते.

डॉक्टरांनी ती गोळी बंद करून पोटासाठी दुसरी दिली. थायरॉइडही तपासलं, कारण ते कमी पडलं तरी प्रोलॅक्टिन वाढू शकतं. काही दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा आकडा १७ होता. तो उतरला नसता तर एमआरआय करायचाच होता, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. बाकावर भेटलेल्या नंदगडच्या मावशींना खरोखर गाठ आहे. त्यांना आठवड्यातून दोनदा कॅबरगोलिन हे औषध असतं. ते त्याच डी-२ जागेवर बसून पेशींना शांत ठेवतं.

रक्त घेणारी मुलगीही जाणती आहे. झोपेत प्रोलॅक्टिन चढलेलं असतं म्हणून उठल्यावर दोन-तीन तासांनी यायला सांगते, आणि सुईच्या भीतीनंही ते वाढतं म्हणून आधी निवांत बसवते. डॉक्टर आमच्याशी मराठीत बोलले, पुढच्या आजोबांशी कन्नडमध्ये, दोघांशी सारख्याच आपुलकीनं. फी बेळगावच्या मानानं वाजवी.

तारा कापला तो टोकनसाठी. फोनवर वेळ देतात, पण आत सोडतात आलेल्यांच्या क्रमानं. खेड्यातून बस धरून येणाऱ्या बायकांना त्यामुळं संध्याकाळ होते. फोनवर दिलेली वेळ तेवढी पाळावी.