हिबा करावा की वसीयत?

मिरजेचे आमचे चाचा घराची फाईल मांडीवर घेऊन विचारत होते, "लेकीला घर आत्ताच हिबा करू, की वसीयत लिहून ठेवू?" हिबा म्हणजे मुस्लिम कायद्यात जिवंतपणीच दिलेलं बक्षीस, वसीयत म्हणजे मृत्युपत्र.

आधी मागे घेण्याचं बघा. हिब्यात ताबा देईपर्यंत मन बदलता येतं. किल्ली एकदा लेकीच्या हातात गेली की संपलं: हनफी (सुन्नी मुसलमानांच्या एका पंथाच्या) कायद्यात ताब्यानंतर कोर्टाचा हुकूम लागतो, आणि पोटच्या मुलीला दिलेला हिबा कोर्टही फिरवत नाही. वसीयत मरेपर्यंत केव्हाही रद्द करता येते.

पण टिकण्याचं काय? हिबा सगळ्या मालमत्तेचा चालतो. वारसाच्या नावची वसीयत मृत्यूनंतर बाकीच्या वारसांनी मान्य केली तरच चालते.

लेकीचा हक्क आजच पक्का करायचा, तर हिबा. छप्पर स्वतःच्या हातात हवं आणि मुलगे खरंच राजी असतील, तर वसीयत.