सुरक्षा तपासणीच्या नावाखाली शस्त्रविक्रेत्याची फसवणूक : कोल्हापुरातील अनुभव

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाल्यावर राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या भागांतील शेतकऱ्यांच्या पीकसंरक्षणासाठी घेतलेल्या बारा बोअरच्या बंदुका कोल्हापुरातील आमच्या शस्त्रविक्रीच्या लहानशा दुकानात जमा होऊ लागल्या होत्या. त्याच गडबडीत गळ्यात ओळखपत्र घातलेले एक गृहस्थ दुकानात आले. त्यांच्याजवळच्या शिक्का मारलेल्या पत्रावर आमचा परवाना क्रमांक बिनचूक टंकलेला होता, आणि निवडणुकीपूर्वी सर्व शस्त्रविक्रेत्यांची सुरक्षा तपासणी करण्याचा आदेश निघाला असल्याचे त्यांनी सांगितले.

तपासणी बारकाईने झाली. शस्त्रे ठेवण्याच्या खोलीचे कुलूप, मागच्या दाराची कडी आणि कॅमेऱ्याच्या टप्प्यात न येणारा जिन्याखालचा कोपरा, या सगळ्यांचे फोटो त्यांनी मोबाईलवर घेतले. चित्रीकरण पाहण्यासाठी म्हणून डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राचा, पासवर्ड मागून घेतला. जमा शस्त्रांच्या नोंदवहीची पाने तर त्यांनी एकेक करून टिपली. त्या पानांवर मालकाचे नाव, गाव आणि बंदुकीचा क्रमांक असतो. शेवटी प्रमाणपत्राचे शुल्क म्हणून क्यूआर कोडवर पैसे भरून घेतले व पावतीही दिली.

पावतीवरील खात्याचे नाव खासगी व्यक्तीचे आहे, हे संध्याकाळी वडिलांच्या लक्षात आले. त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी केली, तेव्हा असा कोणताही आदेश निघालेला नसल्याचे समजले. आम्ही लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवले आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिली. लोकसेवक असल्याची बतावणी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ नुसार, तर फसवणूक हा कलम ३१८ नुसार गुन्हा आहे.

गेलेल्या पैशांचे दुःख मला फारसे नाही. कोणाची बंदूक कोठे आहे आणि आमच्या खोलीत कसे शिरता येईल, याची संपूर्ण माहिती एका अनोळखी माणसाच्या हाती गेली, याची धास्ती मात्र अजूनही आहे. मोठ्या आस्थापनांकडे पहारेकरी असतात. आमच्यासारख्या दुकानात मालक आणि एखादा नोकर एवढेच असतात, आणि एक जरी शस्त्र चोरीला गेले तरी ते गुन्हेगाराच्या हाती पडण्याचा धोका असतो, शिवाय दुकानाचा परवानाही अडचणीत येतो.

त्याच रात्री आम्ही कुलपे आणि पासवर्ड बदलले, काडतुसे वेगळ्या तिजोरीत हलवली आणि ज्यांची शस्त्रे जमा होती त्या प्रत्येकाला फोन करून सावध केले. शस्त्रविक्रेत्याचा साठा व नोंदवह्या तपासण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना आणि ठरावीक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यांना असतो, म्हणून आता कोणीही तपासणीला आले की त्यांना बाहेरच बसवून आम्ही आधी पोलीस ठाण्याच्या नोंदीतील क्रमांकावर स्वतः फोन लावतो. त्यांनी दिलेल्या क्रमांकावर लावत नाही. खऱ्या अधिकाऱ्यांनी या थांबण्याबद्दल आजवर कधीही नाराजी दाखवलेली नाही.

तो माणूस अद्याप सापडलेला नाही. सांगली, सातारा, बेळगाव भागातील व्यावसायिकांकडे असेच पत्र घेऊन कोणी आल्यास त्यांनी नोंदवही उघडण्यापूर्वी जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे, ही कळकळीची विनंती.