वजनदार मंडळी की माजी मुलं? मुलांच्या लेखन-नाटकाच्या संस्थेची समिती कुणाच्या हाती द्यावी

गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या दोन शिक्षकांचा फोन आला. त्यांच्याकडे दर शनिवारी पंधरावीस मुलं जमतात, लिहितात, लिहिलेलं उभं करतात, आता संस्था रजिस्टर करायचीय आणि समितीत कुणाला घ्यायचं यावर गाडी अडलीय. गावातली वजनदार मंडळी घ्यायची की याच कामातून मोठी झालेली मुलं आणि पालक? आम्ही दोन्ही करून पाहिलंय, एकानंतर एक, म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं. संस्थेची घटना म्हणजे नियमावली, सात सभासद, पॅनकार्ड हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

आधी वजनदार मंडळींबद्दल, कारण त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. आमच्या पहिल्या समितीत अकरा जण होते, डॉक्टर, पतसंस्थेचे चेअरमन, निवृत्त मुख्याध्यापक, एक माजी नगरसेवक, एक बांधकामवाले, अशी. नोंदणीच्या कागदांसाठी मला दोनच चकरा पडल्या, वकिलांनी फी घेतली नाही. हॉल, खुर्च्या, स्पीकरची परवानगी सगळं एका फोनवर. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पालकांचा विश्वास, डॉक्टरसाहेब आहेत म्हटलं की लोक सातवी-आठवीतल्या मुलींना संध्याकाळच्या तालमीला बिनघोर पाठवायचे. नवीन संस्थेला हे कुठून विकत आणता येत नाही हो. तुमच्याकडे अजून कुणी ओळखत नसेल तर पहिली दोन वर्षं अशी समिती वाईट नाही असंच मी म्हणेन.

मग बदललं का? तारखेमुळे. भाषणं, सत्कार, बॅनरवरच्या फोटोंचा क्रम हे सगळं होतंच पण ते मी सोडून दिलं असतं. तारीख मात्र नाही सोडता आली.

2018 चं सांगतो. वार्षिक प्रयोग डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ठरला होता, तालमी ऑगस्टपासून चालू, संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवून सर्टिफिकेट वेळेत हातात आलेलं. नोव्हेंबरच्या शेवटी एका सदस्यांचा निरोप आला की ज्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावायचंय ते डिसेंबरअखेरीलाच मोकळे आहेत, तर पुढं घेऊ. घेतलं. डिसेंबरअखेरीला पाहुण्यांचा दौरा निघाला, म्हणून जानेवारी. जानेवारीत दुसऱ्या सदस्यांच्या घरी लग्न, आणि ते नसताना कार्यक्रम केला तर बरं दिसणार नाही, म्हणून फेब्रुवारी. प्रत्येक वेळी कारण खरंच होतं, कुणी मुद्दाम करत नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. पण फेब्रुवारीपर्यंत दहावीतल्या दोन मुलींना घरच्यांनी काढून घेतलं, मार्चात बोर्ड, त्यांचंही चूक नाही. आणि एक मुलगा होता तेरा वर्षांचा, त्याने आजीवर लिहिलं होतं, आजी चुलीपुढं बसून एकटीच कुणाशी बोलते ते, आणि ते तो आजीच्याच बारीक आवाजात करायचा, बघणारा गप्प व्हायचा. जानेवारीत त्याचा आवाज फुटायला लागला. तालमीत दोनतीनदा प्रयत्न केला आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाला, सर, आता ती आजी माझ्याकडं येत नाही. फेब्रुवारीत प्रयोग झाला, छान झाला असं सगळे म्हणाले, तो मुलगा विंगेत पडदा ओढायला होता.

मोठ्या माणसाला दोन महिने म्हणजे काहीच नाही. तेराव्या वर्षी दोन महिन्यांत माणूस वेगळा होतो, लिहिलेलं त्याला स्वतःलाच परकं वाटायला लागतं. हे समितीत कुणालाच जाणवलं नाही, कारण तालमीला त्यांच्यातलं कुणी कधी आलं नव्हतं. माझ्यासाठी तिथंच ठरलं.

2019 ला नवी समिती केली, सात जणांची. चार माजी मुलं (अठरा पूर्ण झालेली), दोन पालक, त्यातली एक आई, आणि शाळेतले मराठीचे सर. आता याची दुखणी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकच बाजू लिहिली.

पहिलं म्हणजे माणसं टिकत नाहीत. एकाला पुण्यात नोकरी लागली, एकीचं लग्न झालं, तिसरा एमपीएससीच्या अभ्यासाला गेला. आपल्याकडं 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवली की 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते, त्यामुळे समितीतला माणूस बदलला की कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. राजीनामा, ठराव, सभेची नोटीस, नव्या माणसाचं संमतीपत्र, सगळं जोडून. आम्ही आत्तापर्यंत तीनदा केलंय आणि प्रत्येक वेळी मूळ काम आठवडाभर बाजूला पडलंय. बँकेच्या सह्यांचं तसंच, तिघांपैकी कुठल्याही दोघांची सही असं ठेवा आणि तिघांतले दोघं गावातच राहणारे असू द्या, नाहीतर पंधराशे रुपयाचं बिल महिनाभर अडकतं.

दुसरं, पैसा. वजनदार समिती असताना वर्षाचा खर्च दोन घरांतून निघायचा. आता दारोदार फिरावं लागतं. 12ए आणि 80जी (आयकराच्या सवलतीच्या नोंदण्या) होतं म्हणून देणगीदारांना पावती तरी देता येते, आणि कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे समाजकामासाठी द्यायचा, पैसा घ्यायचा तर 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 फॉर्म भरून नंबर लागतो, ते आमच्या एका माजी मुलीने रात्री बसून स्वतः शिकून केलं. अजून मोठी रक्कम आलेली नाही पण दरवाजा तरी उघडलाय.

तिसरं, सुरुवातीला पालक बिचकले. बावीस वर्षांच्या पोरांच्या भरवशावर मुलगी कशी पाठवायची, हा प्रश्न रास्तच आहे. समितीतली आई तालमीला रोज येऊन बसायला लागली तेव्हा तो आपोआप मिटला. लहान मुलांबरोबर काम करताना तसंही दोन मोठी माणसं खोलीत असायलाच हवीत.

पण या समितीने पहिल्याच मिटिंगला जो ठराव केला तो असा, की वार्षिक प्रयोग डिसेंबरचा दुसरा शनिवार, जूनमध्येच जाहीर, आणि पाहुणा मिळो न मिळो तारीख हलणार नाही. त्यांनी स्वतः मेकअप करून ताटकळलेलं होतं ना, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. संहितेबाबतही फरक पडला, आधी विचारायचे यात संदेश काय, आता विचारतात हे तू पाहिलंयस का ऐकलंयस. 2022 ला पुरुषोत्तम करंडकात, म्हणजे पुण्यातल्या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत, एकही एकांकिका करंडकाला पात्र नाही असा निकाल आला होता, किती गदारोळ झाला तेव्हा. त्यावर आमच्या या पोरांनी अख्खी मिटिंग वाद घातला, निम्मे बाजूने निम्मे विरोधात, आणि मला ते ऐकताना फार बरं वाटलं.

वजन असलेला माणूस नकोच असं माझं म्हणणं नाही हां. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात कवी वसंत बापटांसारखी मोठी माणसं होतीच की, पण ती पथकासाठी लिहायची, पथकाबरोबर असायची, आणि तिथूनच निळू फुले, राम नगरकर अशी माणसं पुढं आली. तुमच्या गावात तालमीला येऊन सतरंजीवर बसणारा चेअरमन असेल तर त्याला आधी घ्या. आमच्याकडे नव्हता, तुमच्याकडे असेलही. आमचे ते डॉक्टरसाहेब आता सल्लागार आहेत, सही नाही, मतदान नाही, स्पीकरच्या परवानगीला अजूनही तेच फोन करतात आणि स्वतःहून करतात.

तर त्या दोन सरांना मी एवढंच सांगितलं की समिती कशीही करा, पण तारखेचा ठराव पहिल्या मिटिंगला घ्या आणि तो कोण वाचून दाखवायला तयार होतंय ते बघा. मसुदा हवा असेल तर आमचा देतो, त्यात तारखेचं पाचवं कलम आहे, महिना तेवढा तुमच्या शाळांच्या परीक्षा बघून बदला.